चाळिसावं घर

१० फेब्रुवारी, सोमवार

आज मी, रंभा, लहानीची आई, मुरबाडहून लेकीच्या सासरी हेदपाड्यावर पोचले. शहापूरपर्यंत एसटी, तिथून खर्डीवरून उंबरमाळीपर्यंत जीप, पुढे पायी चढण. पिशवीत नाचणीचं पीठ, सुकट आणि बाळंतिणीसाठी डिंक. गुडघे कुरकुरत होते, पण त्यांना घरी ठेवून येता येत नाय. नात रुपाली धावत आली आणि आजी आजी करून पिशवीत तोंड घालून बसली. ती सगळ्याच म्हाताऱ्यांना आजी म्हणते, पण पिशवी माझीच तपासते, एवढं प्रेम पुरे.

लहानीला आठवा लागलाय. बाळंतपण होईस्तोवर मी इथेच. पाड्यात पाणी नाय. खाली नदीच्या वाळूत खड्डा खणलाय, त्याला डवरा म्हणतात. तिथून हंडा भरून वर यायला अर्धा तास. लहानी एवढं पोट घेऊन दिवसाला चार खेपा करते. जावई गणू वाशिंदच्या कारखान्यात. आठवड्यातून एकदा येतो आणि तेच पाणी पिऊन जातो.

ही वही बाहेरदेशातल्या पोरांची. शिकाऊ इंजिनेर आहेत. त्यांच्या कॉलेजात म्हणे जगातलं एक गाव निवडायचं आणि तिथे पाणी नि वीज करून द्यायची. त्यांनी तीन गावं काढलीत: आपला हेदपाडा, मुरबाडकडचा एक पाडा आणि तिसरं पार आफ्रिकेत. मुलगी बघायला यावं तसे आलेत. पसंत पडलो तर पाणी, नायतर चहा पिऊन परत. घराघरात एक वही दिलीय, रोजच्या पाण्याच्या खेपा लिहायला. मला अक्षर येत नाय. लहानी सातवीपर्यंत शिकलीय, ती लिहिते. पुढून खेपा, मागून माझं बोलणं. वही परत देताना मागची पानं फाडायची. माझ्या बोलण्याला ती हसते आणि लिहायची थांबते, म्हणून वेळ लागतो.

संध्याकाळी पाड्यातला वडीलधारा धोंडी आला, जरा जास्तच गोड बोलत. चाळीस घरं असतील तरच पोरं गाव निवडतात, असा नियम आहे. पाड्यात घरं एकोणचाळीस. मी नवी, पोरांतलं मला कोणी ओळखत नाय. पाड्यातल्या लखमाचं गवत ठेवायचं खोपट आहे, गवत कोपऱ्यात सारलं की जागा होते. तिथे चूल मांडून बसायचं आणि चाळिसावं घर व्हायचं. मी विचारलं, आधी तिथे कोण मेलंबिलं तर नाय ना. धोंडी म्हणाला, मरायला आधी राहायला नको? तिथे आजवर गवतच राहिलंय.

लहानीकडे पाहिलं. ती हंडा उतरवत होती. मी हो म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज माझी तपासणी झाली. वाशिंदचा दिपेश पोरांचं बोलणं आपल्या भाषेत करतो. त्याच्यासोबत एक लांब मानेची पोर, दिसेल ते मोजते. तिला मी फूटपट्टी नाव ठेवलंय.

नाव विचारलं. मी म्हटलं, हिरी. घरात किती माणसं? खोटंच सांगायचं तर कंजुषी कशाला? मला मुलगा झाला नाय. फुकट मिळतोय तर घेतला. मुलगा भगीरथ, सून दिपाली, त्यांची दोन पोरं. सगळी दिवाळीपासून भिवंडीकडे वीटभट्टीवर. फूटपट्टीला तेवढ्यावर भागेना. मुलगा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, उंच, बापाचं नाक, लहानपणी जांभळीवरून पडला तेव्हापासून उजवं मनगट वाकडं. सून शिकलेली, पण बोलते कमी. असली सून सांगताना माझं मलाच हसू आलं.

लहानी बाहेर कुडाच्या भिंतीला कान लावून होती. नंतर म्हणाली, आये, माझ्यापेक्षा तुझा लेकच जास्त गुणाचा निघाला गो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आपला पाडा निवडला. सोलरचा पंप, वर टाकी, दर घराला एक नळ आणि एक दिवा. पोरं महिनाभर राहून स्वतः पाइप टाकणार. पाणी सोडायच्या दिवशी चाळीस घरं पुन्हा मोजणार. एक जरी कमी भरलं, तरी पंप काढून मुरबाडकडच्या पाड्याला देणार. म्हणून तोवर मी खोपटातच झोपायचं.

एक गोष्ट मनात राहिली. सकाळी लहानीकडून आले तर खोपटातली चूल ऊन होती. मी काल ती पेटवलीच नव्हती. हा धोंडीचा चावटपणा. म्हातारीला घाबरवायला त्याला दुसरा उद्योग नाय.

आणि पोरं नसतानाही मला सगळे हिरी म्हणतात. धोंडी म्हणतो, सवय नको का व्हायला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दिपेश भिवंडीला जाऊन आला. म्हणाला, आजी, भट्टीवर तुमचा भगीरथ भेटला, खुशाली सांगितलीय. मला वाटलं हा परीक्षा बघतोय. मी म्हटलं, जेवतो का नीट? मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला.

उंच माणूस. उजवं मनगट वाकडं. नाक माझ्या नवऱ्याचं. माझ्या नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली. इथल्या कोणी त्याला पाहिलेलं नाय. लहानीच्या लग्नाआधीच गेला तो, तिच्या सासूनेही पाहिलेला नाय.

धोंडीला गाठलं. कोणाला उभं केलंस रे तिथे, म्हणून खडसावलं. तो शपथा घेऊ लागला. मला तो खरा वाटला, आणि त्यामुळेच झोप गेली.

५ मार्च, बुधवार

खोपटात मी एक ताट नेलं होतं. आज पाच आहेत. वापरलेली, काठ झिजलेली.

लखमाच्या अंगणात बसले होते. तो आपणहून म्हणाला, भगीरथ जांभळीवरून पडला तेव्हा मीच उचलून आणला होता, तू किती रडली होतीस. मी म्हटलं, लखमा, तो मी बनवलाय, तुझ्याच गवतात बसून. लखमा हसला. म्हणाला, हिरी, पोटच्या पोराची कसली गो मस्करी करतेस.

खोपटातलं गवत कुठे टाकलंस, विचारलं. कसलं गवत, म्हणाला.

मी त्याच्या डोळ्यांत बघत होते. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. मी स्वतः चांगली बोलते.

१० मार्च, सोमवार

लहानी लिहायला खोपटात आली. मला म्हणाली, हिरीआये, सांगा. तुमी सांगा.

मी म्हटलं, लहाने, इथे फक्त आपण दोघी आहोत, मला तरी आये म्हण. ती लाजली. मी विचारलं, तुझी आई कुठाय. म्हणाली, मुरबाडला. बाळंतपणाला येते म्हणाली होती, अजून आली नाय, रोज वाटेकडे बघते.

तिचा हात धरला. पाळण्यात असल्यापासूनचा हात. तिने सोडवून घेतला नाय. म्हाताऱ्या बाईला वाईट वाटेल म्हणून.

हे सगळं ती लिहितेय. वर बघत नाय.

उद्या फूटपट्टीला खरं सांगणार. मी हिरी नाय. पंप गेला तर –

१३ मार्च, गुरुवार. होळी

दोन दिवस धीर होईना. आज गेले होते सांगायला. फूटपट्टी टाकीजवळ होती. पायऱ्या चढले, दिपेशला बोलावलं, तोंड उघडलं. खालून ओरडा झाला. लहानी डवऱ्यावरून येताना हंड्यासकट घसरली होती. पोटाला लागलं नाय. कोपर सोलवटलं. रिकामा हंडा घेऊन पुन्हा खाली उतरायला निघाली – घरात थेंब नाय म्हणून.

दिपेशने विचारलं, आजी, काय सांगायचं होतं.

मी म्हटलं, काय नाय.

दुपारी भट्टीवरची माणसं शिमग्याला आली. गाठोडी घेऊन एकामागोमाग चढत होती. प्रत्येक जण आपापल्या घरात वळला. चौघं वळली नाय. सरळ खोपटाकडे आली. पुढे तो. त्याच्या दोन पोरांनी माझे पाय धरले. हात गरम होते – माणसाचेच. मला वाटलं होतं गार असतील.

पाड्यातल्या बाया म्हणाल्या, हिरीचं घर भरलं.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी पाणी सोडायला सगळे जमले. फूटपट्टीने नावं वाचली. जो तो हो म्हणून आपला नळ उघडून ठेवत होता, चाळीस भरली की पंप सुरू. माझं नाव शेवटचं.

हिरी.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी लहानीकडे. ती आपल्या नळापाशी बसली होती, हात पुढे करून.

मी हो म्हटलं.

पाणी आलं. लहानी ओंजळीने प्यायली, रुपालीला पाजलं, तोंडावर मारून घेतलं. हसत होती. माझ्याकडे बघूनही हसली, जशी शेजारणीकडे –

पाणी आलं, हे बरं झालं. एवढं लिही.

१५ मार्च, शनिवार

लहानीला कळा सुरू झाल्यात. म्हणून आज वही सुनेच्या हातात. भरभर लिहिते. माझं बोलून व्हायच्या आधी हिचं लिहून होतं –

लहानी आयेला हाक मारतेय. इथवर ऐकू येतं. मी दारापर्यंत गेले होते. धोंडीची बायको म्हणाली, हिरी, तू नको, तिची आई येईल आता. तिने दार लोटलं.

भगीरथ गाठोडी बांधतोय. भट्टीवर परत जायचं. म्हणतो, घरं मोजून झाली, आता आयेला इथे एकटीला कशाला ठेवायचं. जीप खाली उभी –

पुन्हा हाक मारली –

सुनेला म्हटलं, बाय, बाकी तुला हवं ते लिही. पण माझं नाव लिही, माझ्या लेकीचं नाव लिही, गावाचं लिही. कोणी वाचलं तर लहानीला कळेल की तिची आई आली होती. लिहितेस ना? लिही – मी हिरी, भगीरथची आई. मला मुलगी नाय. मला कोणी हाक मारत नाय. मी माझ्या माणसांबरोबर सुखाने