तुझा भेक, माझा बुलबुल

तांबरम,
२ जुलै २०२४

ती. सुनेत्राताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहिते. बाबा मजेत आहेत. तुझ्या भेकाचा फोटो पेपरात आल्यापासून तर जास्तच. कात्रण घेऊन ते समोरच्या अलमेलू मामींकडे गेले. कोकणातल्या एका सड्यापुरता, एका कातळपठारापुरता उरलेला बेडूक आपली थोरली वाचवते आहे, असं मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्यांना सांगून आले. धाकटी काय करते, असं मामींनी विचारलं, तर कॉलेजात शिकवते, एवढंच म्हणाले. माझं बुलबुलाच्या गाण्यावरचं काम त्यांना आठवलंही नाही.

आता आमचं कॉलेज तुला व्याख्यानाला बोलावतंय. दुर्मीळ भेक आणि रोजचा बुलबुल यांची तुलना तू करायचीस आणि तुझी ओळख मी करून द्यायची! प्राणी मरायला टेकला की मगच त्याचं कौतुक होतं का गं? खरं सांगू, तू येऊ नयेस असं वाटतं.

वेळेवर जेवत जा. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
ऊर्मी

सावंतवाडी,
११ जुलै २०२४

चि. ऊर्मीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग पुन्हा एकदा वाचलं. तो फोटो गेल्या वर्षीचा. यंदा पाऊस लागल्यापासून सडाभर हिंडतेय, एकही भेक ओरडलेला नाही. हे बाबांनाही सांगितलेलं नाही.

हेवा तुलाच वाटतो असं समजू नकोस. तुझा पक्षी रोज सकाळी गातो आणि चहाला समोर बाबा असतात. माझ्याकडे दोन्ही नाहीत.

तुलना मला जमणार नाही. भेक पावलागणिक सापडायचे, तेव्हा कोणी त्यांचा आवाज टिपला नाही. म्हणून किती गेलं, हेच सांगता येत नाही. तू बुलबुल भरपूर असतानाच टिपते आहेस. व्याख्यान तू दे. मी बाबांशेजारी बसून ऐकेन.

भांडणासकट तुझीच,
ताई

तांबरम,
२० जुलै २०२४

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते स्वतःहून म्हणाले, तुझा बुलबुल ऐकव. हेडफोन लावून, डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. तुझ्या दुःखात मला इतका आनंद व्हावा, याची लाजच वाटली.

ऐकून झाल्यावर त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? हे सुनेत्राला पाठवलंस का, तिला तिकडे फार सुनं वाटत असेल. मला पुन्हा हेवा वाटला, ताई. तरी सोबत पाठवते आहे.

व्याख्यान मी देते. तू लवकर ये. बाबांचा लोभ दोघींनी वाटून घेऊ.

तुझी,
ऊर्मी