ओमच्या सात पानी बायोडाट्याचा खरा खर्च

मखमलाबाद, नाशिक

ती. कारभारी दाजींच्या पायांवर लहानूचं डोकं, आणि कुसाआक्काला निम्मं वाकून नमस्कार (पूर्ण वाकलो तर कंबर परत उठू देत नाही, हे माझ्या बहिणीला माहीत आहे). चांदवडला सगळे खुशाल असाल. आक्काचा गुडघा कसा आहे? रुद्रला नोकरीत कायम केलं का? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आधी एक छोटा हिशोब सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला धीर येईल. आमच्या ओमच्या लग्नाचा बायोडाटा टाइप करून, कडेला वेलबुट्टी आणि वर गणपती टाकून, दीडशे रुपये. माझा फेट्यातला फोटो, फेट्याच्या भाड्यासकट, एकशे वीस. सात पानं स्कॅन करायचे सत्तर. एकूण तीनशे चाळीस. हा झाला दिसणारा खर्च. खरा खर्च असा: माझ्या नावावर एक फ्रीज, दोन मोबाईल, एक मोटरसायकल, सहा सिमकार्डं, थकलेलं एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचं कर्ज, आणि आमच्या पोरीच्या, स्नेहलच्या, लॅबला बसलेला खोडा. यातला फ्रीज तरी एकदा बघायला मिळावा, अशी माझी फार इच्छा आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. स्नेहलनं माझा जुना नंबर बंद करायला लावला. नव्या सिमला आधारकार्ड लागतं, आणि आधारकार्ड कपाटाबाहेर काढायचं म्हटलं की मला हल्ली घाम फुटतो. म्हणून हे पत्र.

माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. हातगाडीवर मेथी विकणारा लहानू दोन शेडनेटच्या रोपवाटिकेचा मालक झाला तो या कानांच्या जोरावर. रोपं मागायला फोन आला की 'हॅलो'वरून सांगतो, माणूस सटाण्याचा की सुरगाण्याचा, आणि पैसे रोख देणार की दिवाळीनंतर. घरातही माझ्या सहीशिवाय पान हलत नाही. अशा माणसाला फोनवरचा चोर काय फसवणार? गेल्या वर्षात असे एकेचाळीस फोन मी परतवले (भिंतीवर रेघा आहेत). एकजण म्हणाला, मी बँकेच्या सिडको शाखेतून बोलतो, त्रिमूर्ती स्क्वेअरवरून. आता सिडकोतला माणूस त्रिमूर्ती चौकाला स्क्वेअर म्हणेल का? मी त्याला वीस मिनिटं टोमॅटोच्या रोपांचे भाव सांगितले. शेवटी त्यानंच कंटाळून फोन ठेवला. त्या दिवशी मी कट्ट्यावर जमलेल्या सगळ्यांना चहा पाजला आणि सावध कसं राहावं यावर भाषण दिलं. ऐकणाऱ्यांनी चहा मन लावून प्यायला.

आता बायोडाट्याचं सांगतो. नर्सरी सांभाळणाऱ्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड झालंय ते तुम्ही जाणता. पुण्यात फ्लॅट आहे का, हा पहिला प्रश्न. त्यात वधू-वर ग्रुपवर लोक दोन एकराचे दहा करून टाकतात. मी ठरवलं, आपलं काम पुराव्यानिशी पाहिजे. सातबारा जोडला. मग मनात आलं, सातबाऱ्यावरचा माणूस मीच कशावरून? म्हणून आधारकार्ड जोडलं. आधारकार्ड खरं कशावरून, म्हणून पॅनकार्ड. त्यावर सही होतीच. बँकेत काही आहे की नुसतीच जमीन, अशी शंका नको म्हणून पासबुकाचं पहिलं पान. जन्मतारखा, जन्मवेळा, आजोळ, माझा आणि ओमचा मोबाईल नंबर हे तर रीतीप्रमाणे आलंच. ओमबद्दल त्या सात पानांत साडेचार ओळी होत्या, त्यातली एक उंचीची.

ग्रुपवर चारशे शहाऐंशी माणसं. एकानं अंगठा दाखवला. एकानं विचारलं, ढोबळी मिरचीची रोपं आहेत का. सातही पानं शेवटपर्यंत वाचणारा मला एकच वाचक मिळाला, आणि तो चोर निघाला.

हे कळलं बँकेत. स्नेहलनं चार वर्षं दुसऱ्याच्या लॅबमध्ये रक्त काढलं (लोकांचं), आता म्हसरूळला स्वतःची लॅब टाकायची म्हणते. गाळा बघितला. मालक म्हणाला, पंधरा तारखेपर्यंत थांबतो, सोळाला मोबाईलवाल्याला देईन. मशिनसाठी कर्ज, आणि जामीनदार मी. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. समोर स्नेहलच्याच वयाची साहेबीण. तिनं माझ्या नावाचा रेकॉर्ड उघडला आणि बराच वेळ बघत बसली. मला वाटलं, शिल्लक बघून भारावली. मग विचारते, "काका, ब्युटी पार्लर कसं चाललंय?" मी म्हणालो, बरं चाललंय. (धंद्याचं कोणी विचारलं की मी तेच म्हणतो. चाळीस वर्षांची सवय.) तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझाच फेट्यातला फोटो, माझाच पॅन नंबर, व्यवसाय: महिला सौंदर्य प्रसाधन केंद्र. तीन कर्जं, तिन्ही थकलेली. आणि पार्लर बरं चाललंय असं मी नुकतंच कबूल केलं होतं.

 घरी आल्यावर स्नेहल एकच वाक्य म्हणाली, "पप्पा, फोनवर तुम्ही चार आकडी ओटीपी देत नाही, आणि ग्रुपवर सगळं खानदान देता." आमच्या मंडळींनी, नवसाबाईनं, नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातून भर घातली: "अहो, मुलीकडचे पोरगं बघतात. तुम्ही त्यांना स्वतःलाच दाखवून आलात."

सायबर पोलिसांकडे गेलो. हवालदार भला माणूस, देवळ्याकडचा (हे मी 'बसा'वरून ओळखलं). त्यानं विचारलं, "काका, अनोळखी फोन आला होता?" मी ताठ बसून म्हणालो, एकेचाळीस, पण एकालाही दाद दिली नाही. "लिंक उघडली?" नाही. "मग माहिती गेली कशी?" मला खोकला आला. स्नेहलनं सात पानं त्याच्या टेबलावर ठेवली. तो एकेक पान उलटत गेला आणि शेवटी म्हणाला, "चोराला काय कामच ठेवलं नाय तुम्ही." मग तक्रारीला जोडायला त्यानं माझ्या आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. मी स्नेहलकडे बघितलं, तिनं हवालदाराकडे, आणि त्यानं टेबलावरच्या सात पानांकडे.

त्यानं बरंच शिकवलं, ते तुम्हालाही लिहितो. शेवटचे चारच आकडे दिसतील असं आधार निघतं, शक्यतो तेच द्यायचं. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी आणि कोणत्या तारखेला. आधारावरचे बोटांचे ठसे ऑनलाइन कुलूपबंद करता येतात. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारी साइटवर दिसतं. कर्जाचा रेकॉर्ड अधूनमधून बघायचा. पैसे गेले तर लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३०ला, फोन. मी हे इतकं मनावर घेतलं की परवा अभिषेकाला गुरुजींनी नाव-गोत्र विचारलं, तर मी विचारलं, कशासाठी पाहिजे? गुरुजी म्हणाले, देवासाठी. मी गोत्राची शेवटची दोन अक्षरं सांगितली. नवसाबाई देवळाबाहेर जाऊन उभी राहिली.

बाकी विशेष काही नाही. पाऊसपाणी बरं. आक्काला सांगा, गुडघ्यावर तेल चोळून घे, आणि ओमसाठी एखादी मुलगी असेल तर तोंडी कळवा, कागद नको.

तुमचा मेहुणा,
लहानू

ता. क. – मुद्द्याचं राहिलंच. माझ्या नावावरची कर्जं खोटी आहेत हे बँकेला पटलं, पण रेकॉर्ड साफ व्हायला महिना तरी लागेल, आणि गाळेवाला पंधराच्या पुढे थांबत नाही. दाजी, स्नेहलला जामीनदार तुम्ही व्हा. सही करायला यायचं भाडं मी देतो, जेवण नवसाबाई देईल.

ता. क. २ – पत्र बंद करायच्या आत हवालदाराचा फोन आला (ओमच्या मोबाईलवर). ज्या दुकानातून माझा फ्रीज गेला, तिथूनच त्याच दिवशी एक वॉशिंग मशीन गेलं आहे, कारभारी या नावावर. घाबरू नका. बायोडाट्यात मध्यस्थ म्हणून तुमचं नाव दिलं तेव्हा माणूस वजनदार वाटावा म्हणून तुमचंही आधार आणि पॅन जोडलं होतं. मागे तुम्ही सोसायटीच्या कामाला दिलेलं माझ्याकडेच होतं. रुद्रला लगेच तुमचा रेकॉर्ड बघायला सांगा आणि तक्रार करा. आक्काला वॉशिंग मशीनचं बोलू नका, ती ते आणायला निघेल. जामिनाचं राहू द्या.

ता. क. ३ – पत्र चार दिवस खिशातच राहिलं. दरम्यान नवसाबाईनं पिठाच्या डब्यामागून एक फाईल काढली. गणेशवाडीच्या फूलबाजारात ती गुलाब आणि झेंडू घालते, त्याला मी आजवर तिचा विरंगुळा म्हणत होतो. त्या विरंगुळ्याचं वेगळं खातं आहे, सहा वर्षांचे इन्कमटॅक्स रिटर्न आहेत आणि एक ठेव आहे, मला माहीत नसलेली. साहेबिणीनं रेकॉर्ड बघितला. एक डाग नाही. माझ्या सात पानांत तिच्या नावापुढे एकच शब्द होता, 'गृहिणी', त्यामुळे चोराला तिचं काही सापडलं नाही. काल, चौदा तारखेला, तिच्या जामिनावर कर्ज मंजूर झालं आणि गाळ्याचा करार झाला. दोन्ही कागदांवर सह्या स्नेहलच्या आणि नवसाबाईच्या आहेत. मी बाहेर चपला सांभाळत बसलो होतो.