मागच्या दारचा डेक आणि माझा दीर मरे यांच्याबाबत

मी, व्हर्ना झ्विकर, कै. लॉर्न झ्विकर यांची पत्नी, वय एक्याऐंशी, राहणार टॅनर्स कोव्ह, नोव्हा स्कोशिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणाल्या. यापूर्वी काही लिहून दिलं असल्यास ते रद्द समजावं.

१. राहतं घर, त्याखालची जमीन आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी कॉरिन हिला मिळावी. इतर कोणाचा त्यावर हक्क नाही.

२. मागच्या दारचा डेक घराचाच भाग, म्हणजे तोही तिचाच. पण त्याबद्दल वेगळं लिहिणं भाग आहे. लॉर्न बोटी बांधायचा. निवृत्त झाल्यावर त्याने खाडीकडे तोंड करून देवदाराच्या फळ्यांचा हा डेक, म्हणजे उघडा लाकडी ओटा, बांधला, आणि पुढच्याच हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा जवळजवळ गेली. नंतरची सगळी वर्षं तो चाकाच्या खुर्चीत तिथेच बसून राहिला. इथल्या धुक्याने लाकडावर हिरवा, बुळबुळीत थर चढतो. दर वसंतात मी फटींतला पालापाचोळा कोरून काढायची, साबणाच्या पाण्याने फळ्या घासायची, वाळल्या की तेल पाजायची. मी घाई केली तर तो एवढंच म्हणायचा, "वाळू दे."

३. एका वर्षी लॉर्न इस्पितळात असताना माझा दीर मरे याने जोराच्या फवाऱ्याचं यंत्र भाड्याने आणून डेक धुतला. लाकूड सोलून निघालं, कुसळं वर आली. घरी आल्यावर लॉर्नने खाली वाकून फळीवरून आपला धडधाकट हात फिरवला आणि रडला.

"वहिनी, तुझे कष्ट वाचवायला गेलो गं," मरे म्हणाला.

"वाचवलेस? आता उन्हाळाभर मी रांगत ही कुसळं घासत बसू!"

"मग एखादा माणूस लाव ना कामाला."

"तू आधी चालता हो."

तो चालता झाला. लॉर्नच्या मयतीला चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला आणि जेवायला न थांबता निघून गेला.

४. लाकूड घासून गुळगुळीत करायचं माझं यंत्र मरेला द्यावं, असं मागच्या मृत्युपत्रात टोमणा म्हणून लिहिलं होतं. ते आता शेजारीण इनाच्या जावयाला द्यावं. त्याला खरोखर उपयोग आहे.

५. या वसंतात डेक घासताना मी साबणावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून आल्यावर माझी खाट स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावली. एका सकाळी बाहेर खरखर ऐकू आली. बघते तर मरे, स्वतः ऐंशीला टेकलेला, हातात ब्रश घेऊन फळ्यांवर ओणवा. मी खिडकी उघडली.

"कोणी बोलावलं तुला?"

"कोणी नाही."

"लाकडाच्या रेषांना आडवं घासू नकोस."

"माहितीये. दादाने कान पिळून शिकवलंय."

"मग तेव्हा ते फवाऱ्याचं यंत्र कशाला आणलंस?"

त्याचा ब्रश थांबला. "दादाला खुर्चीत बघवेना, वहिनी. काहीतरी झटपट करून पळायचं होतं."

मी म्हटलं, "माशाचं सूप गरम आहे तोवर आत ये." तो आला. दोन वाडगे प्यायला.

६. मरे जिवंत असेपर्यंत त्याला या डेकवर येऊन बसण्याचा हक्क राहील. कॉरिन, घर विकलंस तर आधी त्याला सांग. दुसऱ्याच्या तोंडून कळू देऊ नकोस.

७. तेलाची फडकी चुरगळून शेडमध्ये टाकू नयेत, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवावीत.

८. कॉरिन फोनवर म्हणाली होती, "आई, प्लास्टिकच्या फळ्या टाकू, हात लावायला नको." तेव्हा मी खेकसले. पोरी, मला हे काम कधीच आवडलं नव्हतं. लॉर्न तिथे बसायचा म्हणून करत होते, आणि तो गेल्यावर थांबायचं कसं ते कळेना. डेक घासायचा, झाकायचा की उखडून टाकायचा, ते तुझं तू ठरव. मी वरून बघणार नाही. मी झोपणार आहे.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मला समजलं, आणि खालच्या दोघांसमोर मी सही केली.

सही: व्हर्ना झ्विकर

साक्षीदार: इना निकल, शेजारीण
साक्षीदार: रॉइस व्हेनो, पाद्री

टॅनर्स कोव्ह, ९ ऑक्टोबर २०१८