फाटकातून निघालेला कोच

म्बेया, रविवार

प्रिय आई,

मी बरा आहे आणि नोकरीही टिकली आहे. गुडघा थोडा सुजलाय, पण त्याला खेळ कारण नाही.

काल कोच म्हणून माझा बाहेरगावचा पहिला सामना होता. हरलात तर घरी जा, असं क्लबच्या अध्यक्षांनी आधीच सांगितलं होतं. मैदानापाशी बस थांबली आणि पोरं थेट मागच्या भिंतीकडे निघाली. पाहुणे हरावेत म्हणून यजमान फाटकाखाली काहीतरी मंतरून पुरून ठेवतात, हे तुला सांगायला नको.

मी म्हटलं, "आजपासून फाटकातून जायचं."

आमचा गोलकीपर म्वाक्युसा म्हणाला, "कोच, तुम्ही देशासाठी एक्केचाळीस सामने खेळलात. त्यातल्या किती सामन्यांना फाटकातून गेलात?"

मी एकटाच फाटकाकडे गेलो. रखवालदाराने तिकीट मागितलं.

"मी पाहुण्या संघाचा कोच आहे."

"पाहुणे केव्हाच भिंतीवरून आत गेले, बाबा. तू कोच असतास तर त्यांच्याबरोबर असतास."

शेवटी भिंत चढलो. पँट वरच अडकली आणि गुडघा भिंतीवर आपटला. म्वाक्युसाने मला खाली झेललं आणि म्हणाला, "आता जिंकू."

एका गोलने जिंकलो.

तू दिलेला पाला गुडघ्याला बांधतो आहे. तुझा खोकला थांबला का? शेजारच्या चोला मावशीला मी जिंकलो एवढंच सांग.

पुढच्या सामन्यासाठी अध्यक्षांनी बसमध्ये शिडी ठेवायला सांगितली आहे. पोरांना ती लागत नाही.

तुझा,
कपेंबवा