बिनएप्रनचा लिअँडर

लॉस एंजेलिस, ६ मार्च १९३८

चि. ओडेसास,
अनेक आशीर्वाद.

गोऱ्यांची धुणी मी धुते तेवढं पुरे, पडद्यावर गोऱ्यांच्या नोकराचा एप्रन घातलेला लेक बघायला मी तिकीट काढणार नाही, असं आई म्हणाली होती. तिला सांग, एप्रन उतरला. या सिनेमात मी डॉक्टर आहे. पुरात अडकलेल्या गोऱ्या घरातल्या मुलीला मरणातून ओढून काढतो. आपल्या काळ्या माणसांतल्या कुणी पडद्यावर असं काम केलेलं मला तरी ठाऊक नाही. हे काम मागितलं तेव्हा दिग्दर्शक आधी हसला. मी हॅट उचलून निघालो तेव्हा वठणीवर आला.

ईस्टरला सिनेमा तुमच्याकडे लागेल. आईला न्यायचं तुझ्याकडे लागलं. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
लिअँडर

बेलफोर्ड, मिसिसिपी, २० एप्रिल १९३८

ती. लिअँडरदादास,
शि. सा. न. वि. वि.

आपलं सगळं चर्च थिएटरात लोटलं होतं. बाजूच्या जिन्यानं वर, आपल्या काळ्यांच्या गॅलरीत, ठेवणीतल्या हॅट घालून. आई हातमोजे घालून पुढच्या रांगेत. पूर आला, मुलगी तापानं फणफणली, तिच्या आईनं डॉक्टरला बोलवा म्हटलं. पडद्यावर एक झटका बसला आणि मुलगी उठून पीचचा मुरांबा खात बसलेली. तू नाहीसच.

थिएटरचा मालक म्हणाला, दक्षिणेकडे येणारी रिळं काळ्यांचे असे प्रसंग छाटूनच येतात. मला रडू कोसळलं, खोटं कशाला सांगू. आई मात्र जिना उतरताना म्हणाली, पोरीला गुण आला ना, मग आपला लिअँडर येऊन गेला. घरी आल्यावर हातमोजे न काढताच बराच वेळ बसून राहिली.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
ओडेसा

लॉस एंजेलिस, २ मे १९३८

चि. ओडेसास,
अ. आ.

इथे आमचा प्रसंग मुद्दाम वेगळा घेतात, म्हणजे काढला तरी गोष्ट अडत नाही. मी शहाणा, आनंदाच्या भरात तेच विसरलो.

पुढच्या सिनेमात वकील आहे. या खेपेला अट घातली की माझं सगळं बोलणं नायिकेच्या शेजारी उभं राहून, एकाच चौकटीत व्हायला हवं. मला छाटायचं तर तिलाही छाटावं लागेल, आणि लोक तिकीट काढतात ते तिच्यासाठी. कबूल झाले, पण तोंडं आंबट करून. यानंतर मला कुणी बोलावेल असं वाटत नाही.

नाताळात आईला पुन्हा ने. आठवण ठेव.

लिअँडर

बेलफोर्ड, २८ डिसेंबर १९३८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिसलास. ती बाई तुझ्या शेजारून हललीच नाही. गॅलरी उभी राहिली. आई तेवढी बसून होती.

बाहेर आल्यावर म्हणाली, वकिलाच्या कॉलरला खळ नीट नव्हती, तिथे कपडे कोण धुतं ते विचार. मग भर रस्त्यात माझा हात घट्ट धरून रडली.

आज तिनं स्वतः खळ घालून, इस्त्री करून शर्ट पाठवले आहेत. पुढचं काम मिळो न मिळो, ते घालत जा, असा तिचा निरोप आहे.

आमच्यावरची माया राहू दे.

तुझी,
ओडेसा