घारापुरीची एक सीट

शनिवार, संध्याकाळ

घारापुरीची दिवसभराची सहल, गाईडसकट. बुक करू की नको, सकाळपासून डोक्यात तेच. हे म्हणाले, "आपल्याच मुंबईत गाईड कशाला? मी दाखवेन ना तुला."

दाखवेन म्हणे. लग्न होऊन मुलुंडला आले तेव्हापासून बघतेय, दर मे महिन्यात गावाहून पाहुणे येतात आणि हे त्यांना लेणी दाखवून आणतात. मी पहाटे उठून सगळ्यांच्या पुऱ्या तळते, डबे भरते आणि दारातून टाटा करते. माझ्या पुऱ्या दरवर्षी लेणी बघून येतात, मी नाही. गावच्या जाऊबाई मला फोनवर सांगतात, "थंय माकडां लय गो."

शेजारची म्हणाली, गाईड नुसता पळवतो, धड काही बघून होत नाही. पळवू दे. लाँचच्या धक्क्यावर नेणारी बस सुटायच्या आधी तो डोकी मोजेल ना, त्यात एक माझं असेल.

मघाशी बुक केली. उद्याची, एकच सीट, खिडकीची.

ह्यांचा पहिला प्रश्न, "मग उद्या जेवायचं काय?"

म्हटलं, "कणीक डब्यात आहे, तेल ओट्यावर. पुऱ्या तळा."