आपापल्या शतकात

प्रिय माती,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. तुझ्या नव्या पुस्तकाच्या मागच्या बाजूला तुझं पूर्ण नाव आहे, त्याखाली तू शिकवलंस त्या विद्यापीठांची रांग आहे, आणि फोटोत तू खिडकीबाहेर बघते आहेस. मला तो फोटो आवडला नाही. चांगला आला आहे म्हणूनच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गोड बोलायची पाळी येणार नाही.

सरांची ही शेवटची सहामाही. फळ्यावरचं स्वतःचं अक्षर त्यांना आता दिसत नाही. ते बोलतात, मी लिहिते. मी कुठे चुकले तर त्यांना खडूच्या आवाजावरून कळतं म्हणे. अर्थविचारांच्या इतिहासाचा त्यांचा वर्ग त्यांच्यानंतर कोणाकडे जाणार, हा प्रश्न या इमारतीत फार लोकांना पडलेला नाही. मला मात्र दुसरा प्रश्नच नाही. इतक्या वर्षांत मी इथे बढती मागितली नाही, मोठी खोली मागितली नाही. जिन्याशेजारची ती लांबट खोली, सायकलींच्या छपराकडे उघडणाऱ्या खिडक्या आणि तो वर्ग, एवढंच हवं होतं. माझ्या बहिणीला हे हास्यास्पद वाटतं. ती म्हणते, लोक घर मागतात, मूल मागतात, तू एक तास मागतेस.

तुला पहिला दिवस आठवतो का? सरांनी खडूच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि खोकं बाकांवरून फिरवलं. प्रत्येक चिठ्ठीवर एक अर्थविचार. जो निघेल तो वर्षभर तुमचा. त्याची बाजू मांडायची, बाकीच्यांचे हल्ले परतवायचे, आणि अट एकच, आपल्या शतकात राहायचं. पुढच्यांनी काय शोधून काढलं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्यांचा हल्ला ऐका, पण त्यांचे शब्द उचलू नका. ‘तुमचा अजून पराभव झालेला नाही,’ सर म्हणाले, ‘तेव्हा पराभूत माणसासारखं बोलू नका.’ पुढच्या शतकातला एक शब्द तोंडातून निघाला, की तास संपेपर्यंत दाराबाहेर.

मला व्यापारवाद आला. सगळ्यांत जुना. जगातलं सोनं मोजकं, तेव्हा शेजाऱ्याला मिळालं ते आपलं गेलं. विकायचं जास्त, घ्यायचं कमी, आणि आत आलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही. तुला माझ्या नंतरचा भूमिवाद आला. तुझ्या लोकांचं म्हणणं, सोनं ही संपत्तीच नव्हे. पेरल्यापेक्षा जास्त उगवतं ते फक्त जमिनीत. कारागीर आणि व्यापारी आहे त्याचाच आकार बदलतात. पहिल्याच आठवड्यात तू उभी राहिलीस आणि सगळ्या वर्गाला शांतपणे वांझ म्हणालीस. मागच्या बाकावरून श्रममूल्यवाला ओरडला, ‘अगं बाई, आणि मी घाम गाळतो तो काय गंमत म्हणून?’ तेव्हापासून तो घाम, तू माती आणि मी तिजोरी. बाजाराला हात लावू नका म्हणणारा मोकाट. पाण्याचा पहिला पेला अमृत आणि पाचवा नकोसा, म्हणून वस्तूचं मोल शेवटच्या पेल्यावर ठरतं, असं बोटं जुळवून समजावणारी चिमूट. मंदीत सरकारने हात सैल सोडावा म्हणणारा खर्चिक, आणि आधी पैशाचा पुरवठा आवरा म्हणणारा चिकट. हे दोघे राहायचे एकाच खोलीत आणि भांडायचे जेवतानाही.

मोकाटने मला पहिल्यांदा गाठलं तेव्हाचं आठवत असेल. तो म्हणाला, ‘सोनं साठलं की भाव चढणार. भाव चढले की तुझा माल कोण घेणार? सोनं आल्या वाटेने परत जाईल, तिजोरीबाई.’ मी म्हटलं, ‘जाऊ दे. शेजाऱ्याकडे नाही गेलं म्हणजे झालं.’ सगळे हसले. सरही हसले आणि म्हणाले, ‘हिला सिद्धांत शिकवावा लागला नाही.’ मी त्या वाक्यावर कित्येक दिवस खुशीत होते. ते कौतुक नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा माझ्या तोंडून ‘सीमांत’ हा चिमूटच्या शेवटच्या पेल्याचा शब्द निघून गेला. सरांनी दाराकडे बोट केलं. मी बाहेर उभी राहिले. फरशी पुसणारे काका माझ्या पायांशी येऊन थांबले, म्हणाले, ‘काय केलंत?’ मी म्हटलं, ‘दोनशे वर्षं पुढे गेले.’ ते म्हणाले, ‘मग आता जरा दोन पावलं मागे व्हा, ओलं आहे.’ घरी मी हे हसत सांगितलं. तेव्हा खरंच हसू येत होतं.

आणि मग वर्ष संपता संपता तो तुझा दिवस. मोकाटने तुला विचारलं होतं, की दहा माणसांनी एक काम वाटून घेतलं आणि माल कित्येक पट निघाला, तर हा जास्तीचा माल कुठल्या शेतात उगवला? तू वही मिटलीस. मग म्हणालीस, ‘याला माझ्याकडे उत्तर नाही. कारागीर वांझ नाही. माझ्या लोकांनी शेत पाहिलं, कारखाना त्यांना पाहायलाच मिळाला नाही. ते खोटं बोलले नाहीत, अर्धं बोलले.’ एक शब्द नव्हे, एक अख्खं शतक तू ओलांडलंस. मी दाराकडे बघितलं. तुझ्यासाठी वाट मोकळी व्हावी म्हणून पायही आत घेतले. सरांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बसा.’ एवढंच. त्या दिवशी त्यांनी पुढे काही शिकवलं नाही.

तो एक शब्द वगळता मी शेवटपर्यंत माझं शतक सोडलं नाही. एकदाही हार मानली नाही. नियम मी पाळला आणि सरांचा चेहरा तुझ्यासाठी उजळला. तू पुढे निघून गेलीस, परदेशी गेलीस, शेत आणि कारखाना यांच्यामधल्या त्याच फटीवर पुस्तक लिहिलंस. मी इथे राहिले. सरांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, ते आजारी असले की त्यांचे तास घेतले, त्यांच्या सौभाग्यवती गेल्या तेव्हा त्यांच्या घरी जाऊन गॅस बंद आहे ना ते बघत राहिले. चिमूट मध्यंतरी भेटली होती. घाम आता बँकेत मोठा साहेब झालाय आणि गार हवेच्या खोलीत बसतो, हे तिने सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, ‘अजून तुला मातीचं पोटात दुखतं का गं?’ मी तिला म्हटलं, तुझा सिद्धांत इथे लागू पडत नाही. पाचवा पेलाही पहिल्यासारखाच लागतो.

सरांच्या तोंडी तुझं नाव वरचेवर येतं असं समजू नकोस. येत नाही. तुझं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं, रोज थोडं, बिनचूक. मध्ये मध्ये ते म्हणायचे, ‘ते परत वाच.’ मी परत वाचायची. चांगली वाक्यं परत वाचावी लागतात, हा तुझ्या पुस्तकातला मला सापडलेला एकमेव दोष.

यंदा तुझी चिठ्ठी एका अडखळत बोलणाऱ्या मुलीला निघाली आहे. तुझ्यासारखी मुळीच नाही. गेल्या गुरुवारी तिला सगळ्यांनी घेरलं. ती लाल झाली, बाक घट्ट धरला आणि म्हणाली, ‘थांबा ना जरा, मी अजून शेतातच आहे.’ वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. तो चेहरा मी ओळखते.

दुसऱ्याच दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. आपल्यानंतरच्या तुकडीतला मुलगा, गणितात हुशार, वागायला सभ्य. मला वाटलं, वर्ग माझ्या नावावर करायला बोलावलंय. इस्त्रीचे कपडे घालून गेले होते. त्याने चहा मागवला आणि म्हणाला, ‘मॅडम, वर्ग तुमचाच आहे हो. पण सरांबरोबर तो विषयच बंद करावा असं चाललंय. चुकलेले सिद्धांत मुलांनी का शिकायचे? डॉक्टर जुनी चुकलेली औषधं शिकत बसतात का?’ मी म्हटलं, डॉक्टरांचं चुकलेलं औषध बाजारातून जातं, आपलं नव्या बाटलीतून परत येतं. शेजाऱ्याला बुडवा म्हणजे आपण तरू, हे मी वर्षभर या वर्गात बोलले आहे आणि आज सकाळच्या पेपरात पुन्हा वाचलं आहे. तो म्हणाला, ‘मुद्दा छान आहे.’ आणि पुढचा कागद काढला.

मी सरांना जाऊन सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. ते म्हणाले, ‘मी त्यांना लिहून दिलंय, माझ्यानंतर फक्त तू. दुसरं कोणी नको.’ हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षं त्या खोलीत उभी होते, ते तुला सांगायला नको. बस सोडून मी चालत घरी गेले. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसांकडेही मी हसून बघत होते.

आता राहिलेलं सांगते. मी विभागप्रमुखांच्या खोलीतून उठत होते, तेव्हा त्याने टेबलावरचं तुझं पुस्तक सरळ केलं आणि विचारलं, ‘या तुमच्या ओळखीच्या ना? या आल्या तर विषय बंद करायची कोणाची छाती नाही.’ हेही सरांना ठाऊक आहे. ते मला म्हणाले, ‘तिला विचारू नकोस. विचारलंस तर ती येईल.’ त्यांनी आयुष्यात एकदाच माझी बाजू घेतली, आणि त्या बाजूला राहिले तर माझ्या हातात एक रिकामी खोली येते. ती अडखळणारी मुलगी उद्या कोणाला तरी हे शिकवेल, असं मला वाटू लागलं आहे. शिकवायला आधी वर्ग तर हवा. म्हणून सरांना न सांगता विचारते आहे. ये. वर्ग तू घे. मला मदतनीस म्हणून मागून घेऊ नकोस, आणि पुस्तकाच्या ऋणनिर्देशात माझं नाव घालू नकोस. मला आनंद होणार नाही, तसं दाखवायचा मी प्रयत्नही करणार नाही. अभ्यासमंडळाची बैठक महिनाअखेरीला आहे, होकार त्याआधी थेट विभागप्रमुखांना कळव. मला कळवू नकोस. मी ते सूचनाफलकावर वाचेन. तिथे वाचणाऱ्याचं तोंड भिंतीकडे असतं.

तुझीच,
पण राजीखुशीने नव्हे